चुकीच्या उत्तरांच्या बाई

आमच्या गणित विभागात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. बाकीच्या आम्ही सगळ्या मॅडम होतो, बाई एकच. पोरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव 'भोंगा' होतं आणि ते बाईंच्या कानावर केव्हाच गेलं होतं. "म्हणू देत की. झोपलेल्याला उठवायला भोंगाच लागतो," असं म्हणत त्या खडूंचा डबा उचलायच्या आणि पहिल्या वर्षाच्या मोठ्या हॉलकडे चालू लागायच्या. त्या हॉलमध्ये बाकं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली होती. शेवटची रांग पार छताला टेकलेली. तिथे बसणाऱ्यांची समजूत असायची, की इथवर काही पोचत नाही. बाईंचा आवाज पोचायचा. माइक त्यांनी कधी हातात धरला नाही.

मी त्यांच्याहून बरीच लहान. नोकरीला लागले तेव्हा जागा नव्हती म्हणून माझं टेबल तात्पुरतं त्यांच्या खोलीत टाकलं, आणि सगळ्या तात्पुरत्या गोष्टींचं होतं तसं ते तिथेच राहिलं. बाई तशा सोप्या नव्हत्या. खिडकी उघडीच लागायची, मग माझे कागद उडोत नाहीतर मी गारठो. माझी पेनं उचलायच्या आणि वर "तुझी पेनं फार लवकर संपतात बाई" म्हणून मलाच बोलायच्या. पण पेपर तपासायला बसल्या, की त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. बरोबर उत्तर आलं की खूण करून पुढे. चुकीचं आलं की थांबायच्या. चष्मा कपाळावर सरकवायच्या.

"अगं, इकडे ये. हे कुठून आणलं असेल यानं?"

मग चोराच्या पावलांचा माग काढावा तशा त्या उत्तरापासून मागे मागे जायच्या आणि सापडलं की टेबलावर थाप मारायच्या. "सापडलं! वजाचं चिन्ह कंसात शिरताना दारातच राहून गेलं!" त्या मुलाला गुण मिळायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ती चूक फळ्यावर यायची. नाव न घेता, आणि कौतुकानं.

मग विद्यापीठानं संगणकावर गणित शिकवणारा प्लॅटफॉर्म विकत घेतला. कारण उघड होतं. मुलं वाढली होती, शिकवणारे होते तेवढेच होते. पूर्वी आम्ही लहान लहान गट करून उदाहरणं सोडवून घ्यायचो, ते तास बंद झाले. आता मुलांनी लॅबमध्ये नाहीतर घरी संगणकापुढे बसायचं, समोर येईल त्या प्रश्नाचं उत्तर टाइप करायचं आणि तपासायचं काम यंत्रानं करायचं. प्रत्येकाला आकडे वेगळे, म्हणजे शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावून फायदा नाही. मला संगणक बरा येतो, एवढ्या गुन्ह्यापायी ही सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

बाईंना मी तो दाखवला, तेव्हा त्यांनी मुद्दामच चुकीचं उत्तर टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'उत्तर चूक आहे. पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी दुसरं चुकीचं टाकलं. पुन्हा तेच.

"आमच्या सासूबाई अशाच होत्या," बाई म्हणाल्या. "भाजीत काय कमी आहे ते सांगायच्या नाहीत, नुसतं ताट पुढे सरकवायच्या. मी बारा प्रकारे भाजी करून बघितली." आणि खडूंचा डबा घेऊन तासाला निघून गेल्या.

त्याच वर्षी त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, खडूची धूळ. मग वाटलं, सर्दी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. आवाज बसला तो उठेना. शेवटी त्यांच्या यजमानांनी त्यांना जवळजवळ ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. यजमान शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पंपांवर होते. कमी बोलणारा माणूस. घरातलं बोलण्याचं खातं बाईंकडे असल्यामुळे त्यांना कधी गरजच पडली नसावी.

स्वरयंत्रावर गाठ निघाली. वाईट जातीची आणि वाढलेली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"मी आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. मग मलाच का, असं विचारलं त्यांना," बाई मला घोगऱ्या आवाजात सांगत होत्या. "तर म्हणतात, होतं असं कधीकधी. पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर भोपळा दिला असता मी."

हे बोलताना त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यांनी शेवटचा तास घेतला. पोरांना काही सांगितलं नव्हतं. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. त्या दिवशी प्रथमच त्यांनी माइक घेतला होता आणि तो कसा धरायचा ते त्यांना समजत नव्हतं. कधी तोंडाला चिकटायचा, कधी पार कमरेशी जायचा. निरोपाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. एक प्रमेय शिकवलं, त्याची सिद्धता अर्धी झाली आणि वेळ संपली. फळा पुसता पुसता सवयीनं म्हणाल्या, "उरलेलं पुढच्या तासाला." आणि हात तिथेच थांबला. पोरं वह्या मिटून बाहेर पडत होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक छिद्र ठेवलं होतं, त्यावर बाई पातळ रुमाल बांधायच्या. बोलण्यासाठी एक लहानशा टॉर्चसारखं यंत्र मिळालं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवायचे, की शब्द उमटतात. पण आवाज माणसाचा नाही. एकसुरी, घरघरता. त्यात राग नाही, गंमत नाही, प्रश्न विचारलाय की आज्ञा केलीय तेही कळत नाही. बाईंनी घरी आरशापुढे बसून त्याचा खूप सराव केला आणि सुट्टी संपल्याबरोबर त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या.

मी तेव्हा दाराबाहेरच्या व्हरांड्यात होते. दोनचार वाक्यं झाली असतील. वरच्या रांगेतून कुणीतरी गळ्याला बोट लावून तसाच आवाज काढला आणि हॉल हसला. सगळेच दुष्टपणानं हसले असं नाही. काहीजण घाबरून हसले, काही नुसतेच शेजारचा हसला म्हणून. बाई थांबल्या. हसणं ओसरेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग हातातलं उदाहरण पूर्ण सोडवलं, एक शब्द न बोलता, ठळक अक्षरात, शेवटच्या पायरीपर्यंत. खोलीत आल्या, यंत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

त्यानंतर त्या हॉलमध्ये गेल्या नाहीत. विभागप्रमुख भला माणूस. त्यांनी आजारपणाच्या कारणानं लवकर निवृत्ती घेता येईल असं फार हळुवारपणे सुचवलं. बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

चार दिवसांनी त्यांचे यजमान मला भेटायला आले. कामाच्या गणवेशातच होते. खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, ही घरी बसली तर संपेल," ते म्हणाले. "घरी पाटीवर लिहून बोलते. काल लिहिलं, दूध आण. पूर्वी दूध आण म्हणायला हिला पाच मिनिटं लागायची. काहीतरी काम द्या. पण दया म्हणून देऊ नका, तिला लगेच वास येतो."

माझ्याकडे काय होतं? तो प्लॅटफॉर्म होता. मी बाईंना त्याची मागची बाजू दाखवली, जिथे प्रश्न तयार करतात. तिथे एक सोय होती, जी आम्ही कुणी कधी वापरली नव्हती. विद्यार्थ्यानं अमुक एक चुकीचं उत्तर दिलं तर त्याला तमुक मजकूर दाखव, असं यंत्राला सांगता येतं. दुसरी चूक, दुसरा मजकूर. फक्त कुणीतरी आधीच बसून विचार करायला हवा, की पोरं चुकणार तरी कुठे कुठे.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. खुर्ची पुढे ओढली. मला हातानंच बाजूला हो म्हणाल्या.

पुढचे कित्येक महिने त्या खोलीत की-बोर्डचा आवाज होता. त्या रोज वेळेवर यायच्या, खिडकी उघडायच्या आणि चुका आठवत बसायच्या. उभ्या आयुष्यात तपासलेल्या सगळ्या पेपरांमधल्या चुका. बेरजेचा वर्ग करताना नुसतेच दोन वर्ग लिहिणाऱ्यांना पडद्यावर यायचं : 'दोन्ही टोकांची माणसं घरी पोचवलीस, मधलं वाटेत विसरलास. चौकोन काढून बघ, कुठला तुकडा राहिला ते दिसेल.' कंसाच्या घाताचा डेरिव्हेटिव्ह काढताना आतलं विसरणाऱ्यांना : 'बाहेरचं झकास केलंस. कंसाच्या आत कुणी राहतं का, ते दार वाजवून बघितलं नाहीस.' शून्याला शून्यानं भागून एक आणणाऱ्यांना फक्त एवढंच : 'खरंच?'

मजकूर वाचताना मला त्यांचा जुना आवाज ऐकू यायचा. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा.

आणि ज्या चुका बाईंनाही सुचल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी सगळ्यात शेवटी एक मजकूर होता : 'हे उत्तर मला सुचलं नव्हतं. कसं आणलंस ते मला येऊन सांग.' खाली आमच्या खोलीचा नंबर.

"बाई, येतील का कुणी?" मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

पहिली आली ती एक मुलगी. पहिल्याच वर्षाला दोनदा नापास झालेली, वर्गात सगळ्यात मागे बसणारी, नाव पुकारलं तरी हात अर्धाच वर करणारी. दारात उभी राहून म्हणाली, "कॉम्प्युटरनं पाठवलंय."

प्रश्न असा होता : इतक्या लांबीच्या तारेनं जास्तीत जास्त किती जागा घेरता येईल? हिचं उत्तर सगळ्यांहून वेगळं, आणि मोठं. बाईंनी कोरा कागद पुढे केला, त्यावर लिहिलं, 'कसं?' मुलीनं पर्समधून मोबाइलच्या चार्जरची वायर काढली.

"मी ही वाकवून बघितली. चौकोन केला. मग गोल केला. गोलात जास्त मावतं. म्हणून मी गोलाचं काढलं." मग घाबरून म्हणाली, "चौकोनच करायचा होता का? तसं लिहिलं नव्हतं."

बाईंनी प्रश्न उघडून पाहिला. खरंच लिहिलं नव्हतं. 'आयताकृती' हा शब्द लिहायचा त्यांच्याकडूनच राहून गेला होता. त्या हसायला लागल्या. ऑपरेशननंतर त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. आणि बाईंनी खण उघडला, यंत्र काढलं, गळ्याला लावलं.

"तू नाही चुकलीस. प्रश्न चुकला," त्या घरघरत्या आवाजात म्हणाल्या. "आता सांग, गोलाहूनही जास्त मावेल असं काही आहे का?"

मुलगी हसली नाही की दचकली नाही. लांबून येणारा आवाज ऐकताना माणूस करतं तशी मान जराशी पुढे केली. "वायर परत वाकवून बघते, मग सांगते," म्हणाली, आणि दोघीजणी वायर घेऊन टेबलावर वाकल्या.

तिनं बहुधा बाहेर जाऊन सांगितलं असणार. पोरं येऊ लागली. कधी एकटी, कधी टोळीनं. बाई यंत्रानं बोलायच्या, थकल्या की लिहायच्या. खिडकीशी आम्हाला बाक टाकावं लागलं.

वर्ष अर्ध्यावर आलं असेल. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर आलेख होता.

"हे बघा. ज्या प्रश्नांत बाईंनी मजकूर घातलाय, तिथे चुकीच्या उत्तरांची संख्या दुप्पट झालीय. दुप्पट! म्हणजे पोरं आणखी गोंधळतायत. विद्यापीठाच्या समितीचं म्हणणं आहे, ते सगळं काढून आधीसारखं करा. मी वर काय दाखवू?"

मी नोंदी तपासल्या. आलेख खोटा नव्हता. पण एक विचित्र गोष्ट दिसली. मुलं आधी बरोबर उत्तर देत होती आणि मग त्याच प्रश्नावर परत येऊन चुकीची देत होती. एकामागून एक. मी त्या वायरवाल्या मुलीला गाठलं.

"हे काय चाललंय तुमचं?"

ती लाजली. "मॅडम, बाई काय म्हणतात ते बघायला. आम्ही पैज लावतो. बाईंना न सुचलेली चूक जो शोधेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. फार अवघड आहे हो! उगाच काहीतरी टाकून चालत नाही. आधी बरोबर कसं येतं ते समजावं लागतं, तेव्हा कुठे चांगलं चुकता येतं."

मी हे समितीच्या बैठकीत सांगितलं. सगळे हसले, पण पटलं असं दिसेना. बाई बैठकीला आल्या होत्या, कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

"परीक्षेपर्यंत थांबा. नाही जमलं तर मीच काढीन."

परीक्षा झाली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाईंनी मजकूर घातलेल्या धड्यांवरचे गुण थोडे वाढले, बाकी होते तिथेच. वायरवाली मुलगी पास झाली, काठावर. पण मजकूर काढायचा विषय परत कुणी काढला नाही. बाईंना एवढं पुरलं.

अशी काही वर्षं गेली. त्यांना बरी वर्षं म्हणता येईल. मग गाठ पुन्हा आली, या वेळी दुसरीकडे. बाईंनी मला ते सांगितलं तेव्हा त्या एक नवा प्रश्न लिहीत होत्या. यंत्र खाली ठेवलं आणि टायपिंग पुढे चालू केलं. शेवटी शेवटी घरूनच काम करायच्या. यजमानांनी नोकरीतून सुट्टी घेतली होती. उशा मागे लावून द्यायचे, लॅपटॉप मांडीवर ठेवायचे. एकदा मी भेटायला गेले तर बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, 'नवीन चुका आता फार कमी सापडतात.' तक्रारीच्या सुरात, असं मला वाटलं. सूर कुठला, पण मला कळायचं.

परीक्षा संपून विभाग रिकामा झाला होता, तेव्हा त्या गेल्या.

नवीन वर्ष सुरू झालं. नवीन मुलं आली, त्यांना लॉगिन मिळाले, ती प्रश्न सोडवू लागली. आणि एका दुपारी दार वाजलं. दोघंजण उभे होते, हातात कागद.

"बाई आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं.

"मग उद्या येऊ?"

मी नुसती मान डोलावली. ती मुलं तशीच परत गेली आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी आली. मग मात्र सांगितलं. त्यातल्या एकाचा चेहरा असा झाला, जणू कालच भेटलेलं माणूस गेल्याचं कळलंय. त्याच्या लेखी तसंच होतं. आदल्या दिवशी त्या त्याच्याशी बोलल्या होत्या.

त्या आठवड्यात आणखी कुणीकुणी आलं. काय करावं ते सुचेना. मजकूर ठेवायचा की काढायचा, हे ठरवण्याचा हक्क माझा नाही असं वाटलं, म्हणून मी यजमानांना बोलावलं. ते आले, बाईंच्या खुर्चीत बसायला सांगितलं तर माझ्या खुर्चीत बसले. मी त्यांना काही चुकीची उत्तरं टाकून दाखवली. ते पडद्यावरचं एकेक वाक्य हळूहळू वाचत होते. मध्येच एकदा म्हणाले, "हे मला पण म्हणायची. दार वाजवून बघितलं नाहीस."

मग विचारलं, "मी टाकू एक?"

गणित त्यांना येत नव्हतं. त्यांनी एक आकडा टाकला, कुठला तरी. पडदा क्षणभर थांबला आणि अक्षरं आली. 'हे उत्तर मला सुचलं नव्हतं. कसं आणलंस ते मला येऊन सांग.'

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, बाहेर बघत. मागून त्यांचा आवाज आला तेव्हा तो स्थिर होता.

"ताई, बाकीचं सगळं असू द्या. ही ओळ बदला. पोरं दारापर्यंत येऊन परत जातात, ते बरं नाही. ये म्हणायचं तर घरात कुणीतरी पाहिजे."

मी ती ओळ बदलली. हे प्रश्न लिहिणाऱ्या बाई आता नाहीत, असं सरळ लिहिलं. कसं आणलंस ते दुपारी या खोलीत जो बसलेला असेल त्याला सांग, असंही. मग विभागात फिरून दुपार वाटून घ्यायला लावली. कुणी कुरकुरलं, कुणी लगेच हो म्हणालं. विभागप्रमुखांनी गुरुवार घेतला. "माझ्याकडे कोण येणार?" असं म्हणत स्वतःचा कप आणि वर्तमानपत्र घेऊन येऊन बसले. पहिल्या गुरुवारी त्यांचं वर्तमानपत्र वाचून झालं.

दुसऱ्या गुरुवारी मी तास संपवून परत आले, तर खोलीत एक मुलगी होती आणि सरांचा चहा गार होऊन वर साय धरली होती. दोघांच्या मध्ये टेबलभर कागद पसरले होते.

"अहो, इकडे या जरा," सर मला म्हणाले. "ही म्हणते ते चूक आहे, त्यात शंका नाही. पण कुठे चूक आहे ते मला सापडेना."

"सर, मला पण," मुलगी म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला, तोवर आम्ही तिघं उत्तरापासून मागे मागे निम्म्यापर्यंत आलो होतो.